चार दिवसांत बाहेरचं घर

यांग गुमहीनं बाहेरच्या घराचं दार उघडलं आणि बूट काढायच्या आधीच विचारलं, "झोपणार किती जण?"

"दोघं," उनशिल म्हणाली. "देजॉनहून येतायत. तरुण नवरा-बायको. महिनाभर राहणार."

"कधी?"

"रविवारी. चार वाजता."

बुधवारची सकाळ होती. घरात एक गंजका स्टूल, गाजरांची दोन पोती आणि भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, एवढाच संसार होता. दुसरी कोणी असती तर कपाळाला हात लावून परत गेली असती. गुमहीनं खिशातून टेप काढली आणि खिडकीची रुंदी घेतली.

"रविवारी शिनगुगान संपतं," ती म्हणाली.

"म्हणून तर तुमच्या पाया पडले, ताई."

शिनगुगान म्हणजे वर्षातला एकच आठवडा असा, की जेजू बेटाचे जुने देव बदली होऊन वर गेलेले असतात आणि नवे अजून रुजू व्हायचे असतात. बेटावर लक्ष ठेवायला कोणी नसतं. घर बदला, खिळा ठोका, चूल हलवा, कोणी विचारत नाही. एरवी एक फळी जरी इकडची तिकडं केली तरी कुठल्या तरी देवाच्या डोळ्यांवर येतं आणि घरातलं माणूस अंथरूण धरतं. शहरातले शिकलेले लोक याला हसतात, आणि हसत हसत त्याच आठवड्याचा ट्रक दोन महिने आधी ठरवून ठेवतात.

उनशिलच्या नवऱ्यानंही ठरवला होता. दोंगचॉलचा ट्रक रविवारी दुपारी दोनला येणार होता, आणि त्यात त्याच्या आईचं सामान भरलं जाणार होतं.

त्याची आई चुनवॉल एकोणऐंशीची. सेह्वा गावातल्या या अंगणात ती बावीस वर्षांची असताना आली. अंगणाच्या एका बाजूला आतलं घर, समोर बाहेरचं घर, दोन्हींना वेगळी चूल. आतल्या घरात ती एकटी राहायची. ऑक्टोबरमध्ये तिथल्या न्हाणीघराकडं उतरणाऱ्या दोन पायऱ्यांवर ती घसरली आणि पाऊण तास तिथंच पडून होती. शेजारीण मुळे द्यायला आली म्हणून कळलं. त्या दिवसापासून दोंगचॉलनं एकच धोशा लावला, की आईनं आमच्याकडं शहरात, नोह्यंगच्या फ्लॅटवर राहायला यायचं.

नोव्हेंबरात ती आठवडाभर राहून आली होती. सातही दिवस अंगातला जाड कोट न काढता सोफ्याच्या कडेला बसून होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. उनशिलला ते बघवलं नव्हतं. लग्नानंतर चार वर्षं ती याच बाहेरच्या घरात राहिली होती, आणि तेवढ्या वर्षांत सासूनं एकदाही तिच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघितलं नव्हतं.

"मी एकटी राहते हेच ना तुझं दुखणं?" चुनवॉल मुलाला म्हणाली होती. "मग बाहेरच्या घरात माणसं ठेवते. मुख्य भूमीवरचे लोक महिना महिना राहायला येतातच की."

"ठेव," दोंगचॉल म्हणाला होता. "ट्रक येईपर्यंत घर राहण्यासारखं झालं आणि माणसं ठरली, तर ट्रक परत पाठवीन. नाही झालं तर तू ट्रकमध्ये बसायचं. सोमवारी देव परत आले की तू वर्षभर जागची हलायची नाहीस, मी ओळखून आहे तुला."

उनशिलनं उत्साहात जाहिरात टाकली, पाहुणेही पक्के केले, आणि मग तिला कळलं की या आठवड्यात पलंग घरपोच करायला एकही दुकान तयार नाही. सगळं बेट घर बदलत होतं. गाडी कुणाचीच मोकळी नव्हती. चौदा वर्षं बेटावर काढून तिच्या हातून हे झालं, म्हणून ती स्वतःवरच चिडली होती. शेवटी कोणीतरी गुमहीचं नाव सांगितलं. महिनाभराच्या भाड्याची घरं ती बघता बघता उभी करून देते, म्हणे.

"दुकानं नाही म्हणतायत ते बरंय," गुमही म्हणाली. "चला, बसा गाडीत. शाळेला सुट्टी आहे ना तुमच्या?"

उनशिल शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होती. सुट्टी होती. ती गुमहीच्या एक टनी टेम्पोत चढून बसली आणि पुढचे दोन दिवस तोंडात बोट घालून बघत राहिली.

गुमहीला शहरातली कुठली इमारत कधी रिकामी होते हे पाठ होतं. शिनगुगानात प्रत्येक सोसायटीखाली शिडीची गाडी उभी असते आणि खिडकीतून सामान वर-खाली होत असतं. गुमही बरोबर त्या शिडीखाली जाऊन उभी राहायची.

"अहो सातव्या मजल्यावरच्या!" ती ओरडली. "ते कपाट खाली आणताय, पण नव्या घरात जायचं नाही ते!"

वरून एक बाई वाकली. "तुम्हाला काय माहीत?"

"कुठं चाललात?"

"इदोला. देवदाराच्या झाडांजवळच्या बिल्डिंगमध्ये."

"तिथलं दार ऐंशी सेंटिमीटरचं. तुमचं कपाट ब्याऐंशी. गेल्या वर्षी तिथंच एकानं दार कापलं होतं, घरमालक अजून त्याच्याशी बोलत नाही!"

ती बाई आत गेली. आत नवरा-बायकोचं थोडं वाजलेलं खालपर्यंत ऐकू आलं. मग कपाट खाली आलं आणि थेट गुमहीच्या टेम्पोत चढलं. सोबत तिनं जेवणाचं टेबलही दिलं, कारण नव्या घरी तिची नणंद नवं देणार होती आणि तिला ते जुनं आवडत असूनही नेता येत नव्हतं. गुमहीनं टेबलावरून हात फिरवून सांगितलं, "चांगल्या घरी चाललंय. काळजी करू नका." त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

उनशिलला वाटलं होतं, ही बाई भंगार गोळा करत असेल. पण गुमही दहा वस्तूंतल्या नऊ सोडून द्यायची. पलंग उचलून बघायची, खालच्या फळ्यांना नाक लावायची, खुर्ची उलटी करून पाय हलवायची. मऊ सोफा फुकट मिळत होता तरी तिनं नाक मुरडलं. "यात माणूस बुडतं. महिनाभर राहायला आलेल्याला घरात बुडायचं नसतं."

सामान अंगणात उतरलं की दुसराच खेळ सुरू व्हायचा.

"सामचुन, जरा बसा बघू इथं," गुमही चुनवॉलला हाक मारायची. बेटावर वडीलधाऱ्या कुणालाही, बाई असो की बुवा, सामचुनच म्हणतात.

चुनवॉल कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "मला कशाला? मी काय भाडेकरू आहे?"

"तुमच्याइतकं खवचट माप दुसरं कुठं मिळायचं मला?"

म्हातारी पुटपुटत बसायची. गुमही म्हणायची, "आता उठा. हात न टेकता." चुनवॉलचे पाय अधांतरी राहिले किंवा तिला उठायला जड गेलं, की गुमही खुर्ची उलटी करून पायांना पेन्सिलची खूण करायची. दोन खुर्च्यांचे पाय तिनं दोन बोटं कापले, पलंगाखाली मात्र उलट ठोकळे चढवले. दिव्याचं बटण पलंगावरून हात लांबवला की लागेल इतकं खाली आणलं. दोन खोल्यांमधला उंबरठा रंध्यानं जमिनीला भिडवला. न्हाणीघरात तर तिनं भिंतीला आडवा दांडा बसवला, चार चार इंची खिळ्यांनी.

"ताई, तरुण मुलं येतायत," उनशिल न राहवून म्हणाली. "दांडा कशाला?"

"तरुण माणूस दारू प्यायलं की ऐंशीचं होतं," गुमही तोंडातले खिळे सांभाळत म्हणाली. "मी घर लावते ते घरात येणाऱ्या सगळ्यात अवघड माणसासाठी. त्याला जमलं की बाकीच्यांना जमतंच."

चुनवॉल दारात उभी होती. "अवघड म्हणजे मी का गं?"

"तुमच्याहून अवघड माणूस सेह्वात असेल तर सांगा, त्यालाही बसवून बघते."

म्हातारी हसू दाबत निघून गेली, आणि थोड्या वेळानं मुळ्याचं सारण घातलेली कुट्टूची धिरडी घेऊन आली. उनशिलनं मनात म्हटलं, झालं, हिनं आईला खिशात घातलं.

म्हणूनच शुक्रवारी दुपारी जे झालं ते फार लागलं.

स्वयंपाकघर जवळजवळ तयार होतं. गुमहीनं स्टीलची एक तीन कप्प्यांची मांडणी शेगडीशेजारी बसवली, त्यावर मीठ, तेल, मिरपूड, सोया सॉस मांडून ठेवला. चुनवॉल आत आली, थबकली, मांडणीच्या खालच्या कप्प्याजवळ वाकली आणि वास घेतला.

"ही मांडणी कुठून आणली?"

"येओनदोंगहून," गुमही म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला.

"शाम्पूचा वास येतोय. ही कुणाच्या तरी संडास-न्हाणीत उभी होती."

चुलीची देवी जोवांग आजी आणि संडासातली देवी या एकमेकींच्या सवती. एकीच्या घरातली काडीसुद्धा दुसरीच्या घरात जायची नाही, हे जेजूतल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. आणि पन्नाशीची, याच बेटावर जन्मलेली, शेकडो घरं लावलेली गुमही घाईघाईत सवतीचं सामान चुलीशेजारी मांडून मोकळी झाली होती.

"बंद करा सगळं," चुनवॉल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "असल्या घरात मी कुणाचं लेकरू झोपवणार नाही. पोटदुखी घेऊन जातील बिचारे. ट्रक येऊ दे रविवारी."

उनशिल म्हणणार होती, आई, नुसती धुऊन घेऊ ना. तेवढ्यात गुमही पुढं झाली. तिनं मांडणीवरच्या बाटल्या, मीठ, तेल सगळं टोपलीत घातलं, आणि मांडणीसकट फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. परत आली ती चुनवॉलसमोर गुडघ्यांवर बसली.

"चूक माझी, सामचुन. बहाणा नाही काही. वीस वर्षांत पहिल्यांदा झालं. आता काय करायचं ते तुम्ही सांगा, मी करते."

आपल्या कामात इतकी वाकबगार बाई, आणि चूक कबूल करताना तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता. उनशिलला त्या क्षणी तिच्याबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा सातव्या मजल्यावरचं कपाट उतरवतानाही वाटला नव्हता.

"तुला नाही जमायचं," चुनवॉल म्हणाली. "ऊठ. मिठाचं पाणी कर. खालपासून वरपर्यंत पूस. आजीला मी समजावते."

तिनं स्वतः आतल्या घरातून पांढरा वाडगा आणला, ताज्या पाण्यानं भरून शेगडीमागं ठेवला, हात जोडून चोळत आजीशी काहीबाही बोलली. मग त्याच शेगडीवर तिनं पहिला भात शिजवला. "असा अपमान झाल्यावर पहिल्या रात्री आजीला एकटं सोडायचं नसतं," असं म्हणून ती पांघरूण घेऊन आली आणि नव्या पलंगावर झोपली.

शनिवारी गुमहीनं पडदे लावले, काचा पुसल्या, आणि घर असं दिसायला लागलं की उनशिल उगीचच आत जाऊन बाहेर येत राहिली. चारच वस्तूंनी भरलेलं घर, पण कुठं हात लांबवावा तिथं हवी ती गोष्ट. खिडकीपाशी बसलं की गाजरांचं शेत आणि त्यामागं समुद्राची पट्टी दिसायची. चार वर्षं या घरात राहून तिला तिथं बसायचं सुचलं नव्हतं. तिनं फोटो काढून नवऱ्याला पाठवले.

संध्याकाळी दोंगचॉलचा फोन आला.

"घर झकास झालंय," तो म्हणाला. "कबूल. पण ट्रक मी परत पाठवत नाहीये."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पण रात्रभर विचार केला. बाहेरच्या घरात कोणीही राहू दे, आई आतल्याच घरात झोपणार ना? पायऱ्या तिथंच आहेत. देजॉनची पोरं महिन्यानं जातील. मग आई पडली तर तिला उचलणार कोण? मला झोप येत नाही गं उनशिल. मला खरंच झोप येत नाही."

तिला त्याच्यावर रागावता आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि सासूला जसंच्या तसं सांगितलं. चुनवॉल गाजरं खरवडत होती. "हं," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सकाळी नऊ वाजता उनशिल आणि गुमही अंगणात पोचल्या तेव्हा चुनवॉल भाताचं जड भांडं दोन्ही हातांत धरून अंगण ओलांडत होती. आतल्या घरातून बाहेरच्या घराकडं. तिचा जाड कोट, उशी, नवऱ्याचा फोटो आणि तांदळाचा डबा आधीच पलंगाशेजारी जाऊन बसले होते.

"आई, हे काय?"

"घर बदलतेय. दिसत नाही? सगळं बेट बदलतंय, मी एकटीनं काय पाप केलंय?" तिनं भांडं शेगडीवर ठेवलं. "आमच्यात म्हातारं माणूस थकलं की आतलं घर लेकरांना सोडतं आणि बाहेरच्या घरात जातं. माझ्या सासूनं हेच केलं. मी थांबले होते, कारण सोडायला लेकरंच नव्हती, तुम्ही तर शहरात. आता देजॉनची येतायत ना? ती राहतील आत. त्यांना म्हणावं, पायऱ्या जपून उतरा."

"पण ते घर..." उनशिलनं आतल्या घराकडं बघितलं. ओटा, काळपट लाकडी कपाटं, छपराला लोंबणाऱ्या लसणाच्या माळा, सत्तावन्न वर्षांची अडगळ. "पाहुणे चारला येतायत!"

गुमही हातातले उरलेले पडदे तसेच धरून उभी होती. ती खूप वेळ हसत राहिली, मग तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"सात तास," ती म्हणाली. "बाहेरच्या घरात आणून आणून मांडलं. आतल्या घरातून काढून काढून मांडायचं. हे सोपंय."

सोपं नव्हतं, पण तिनं ते सोपं करून दाखवलं. एकेक वस्तू उचलून ती चुनवॉलला विचारायची, "लागते?" म्हातारी म्हणायची "लागते" किंवा "टाक". दोन्हींच्या मध्ये थांबली की गुमही ती वस्तू खोलीत सगळ्यात चांगल्या जागी ठेवायची. लाकडी ओटा तिनं तेलानं पुसून काढला तो चकाकायला लागला. अडगळ गेली तेव्हा कळलं की त्या खोलीला तीन खिडक्या होत्या. लसणाच्या माळा तिनं हलवल्या नाहीत. "शहरातली मुलं यांचेच फोटो आधी काढतील," म्हणाली. पलंग मिळणार नव्हता, म्हणून ऊन लागेल अशा ठिकाणी जाड गाद्या घातल्या. पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा ओढला आणि वर दिवा लावला. दुपारी दीडला उनशिल उंबऱ्यात उभी राहून बघत होती आणि तिला रडू येत होतं. म्हातारं घर मान वर करून बसलंय असं तिला वाटलं. आयुष्यात तिनं खूप हुशार माणसं पाहिली होती, पण हाताला इतकं कळणारं माणूस तिनं दुसरं पाहिलं नव्हतं, आणि ते तिनं गुमहीला तसंच सांगितलं.

"ते नंतर," गुमही म्हणाली. "आधी उशांना अभ्रे घाला."

दोनला ट्रक आला. मागोमाग दोंगचॉलची गाडी. तो सरळ आतल्या घरात शिरला, अनोळखी गाद्या बघून गोंधळला आणि बाहेर आला. "आई?"

"इकडं," बाहेरच्या घरातून आवाज आला.

चुनवॉल खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. कोट खुंटीला होता. मुलगा दारात दिसताच ती हात न टेकता उठली. "तू म्हणालास या शिनगुगानात घर बदल. बदललं."

दोंगचॉलनं खोलीभर पाय घासत फेरी मारली, उंबरठा शोधत. पलंगावर बसला, उठला, पुन्हा बसला. हात लांबवून दिवा लावला, विझवला. मग न्हाणीघरात गेला आणि भिंतीवरच्या दांड्याला सगळं अंग टाकून लोंबकळला. दांडा हलला नाही. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

अंगणात ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. "अहो, सामान कुठलं भरायचं?"

"इथलं नाही!" गुमही ओरडली. ती ट्रकच्या पुढच्या सीटवर चढून बसलीसुद्धा होती. "गाडी ठरलेलीच आहे तर रिकामी कशाला जाते? हामदोकला चल, तिथं माझं एक घर अर्धं राहिलंय. आणि गाडी ठरवणाऱ्याला विचारून ये."

दोंगचॉल दारात आला. डोळे लाल होते. त्यानं ड्रायव्हरला हातानंच 'ने' म्हणून सांगितलं.

"आता हलता येणार नाही तुला," तो आईला म्हणाला. "उद्या देव येतील."

"नाहीच हलायची मी. पुढच्या वर्षी बघू. ट्रक मात्र लवकर ठरव, ऐंशीच्या बाईला ताटकळत ठेवू नकोस."

तो हसला. ज्या खुर्चीचे पाय दोन बोटं कापले होते त्या खुर्चीत तो टेकला. ऊन त्याच्या गुडघ्यांवर पडलं होतं. चुनवॉल भात वाढायला वळली आणि ताट घेऊन येईपर्यंत त्याची मान छातीवर कलली होती. ऑक्टोबरपासून जागा असलेला माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. उनशिल त्याला हलवायला पुढं झाली. सासूनं तिचा हात धरला.

चारला पाच मिनिटं असताना फाटकाशी टॅक्सी थांबली. देजॉनची मुलगी खाली उतरली, आतलं घर बघून तिनं आनंदानं मोठ्यांदा किंचाळायला तोंड उघडलं. चुनवॉल झपाझप अंगणात गेली, ओठांवर बोट ठेवून.

"या, या. घर तुमचंच," ती कुजबुजली. "फक्त जरा हळू बोला. माझं लेकरू झोपलंय."